लक्ष्मीबाई टिळक: पाच वर्षं दोन चुली, मग एका रात्रीचा विचार

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या गोखल्यांच्या घरात बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नसे. धान्य तर धुवायचंच, मीठसुद्धा धुवायचं. घरातल्या बायकांचा निम्मा दिवस सोवळं सांभाळण्यात जायचा आणि पोरांना भूक लागली तरी सोवळ्याची घडी मोडायची नाही असा दंडक होता. या घरात १८६८ साली एक मुलगी जन्मली. नाव मनकर्णिका, घरची हाक मनू. लग्नानंतर ती लक्ष्मी झाली आणि आज मराठी वाचणारा माणूस बेळगावात असो, इंदुरात असो की बडोद्यात, तिला लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखतो.

'स्मृतिचित्रे' बहुतेकांनी वाचलेलं असतं, निदान शाळेच्या पुस्तकातला एखादा उतारा तरी. त्यातला विनोद आठवतो, टिळकांचा विक्षिप्तपणा आठवतो. पण याच बाईंच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट सलग चाललेली आहे. ख्रिस्ती विश्वासात नव्याने आलेलं माणूस त्यात वाढतं कसं, ती ही गोष्ट. नाताळच्या बातमीसाठी दरवर्षी मी आपल्या भागातल्या मराठी मंडळ्यांमध्ये फिरतो. मागे एका लहान मंडळीच्या वृद्ध पाळकांनी बोलता बोलता मला सांगितलं की नवीन विश्वासणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण म्हणजे घाई. त्यांची स्वतःची नसली तर आजूबाजूच्यांची. महिन्याभरात साक्ष द्या, प्रार्थना मोठ्याने करा, जुनं सगळं टाका. अशा कुटुंबांना ते लक्ष्मीबाईंचं पुस्तक वाचायला देतात. त्यांचं हे बोलणं डोक्यात राहिलं म्हणून हा लेख. मी कॉमर्सचा पदवीधर, साहित्याचा किंवा धर्मशास्त्राचा जाणकार नाही. कुणी धर्म बदलावा की बदलू नये हाही इथला विषय नाही. एका बाईचं आयुष्य जसं घडलं तसं सांगतो.

वडिलांच्या त्या सोवळ्यामागे एक जखम होती. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर यांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानंतर जावई नारायणराव, म्हणजे नाना गोखले, सोवळ्याच्या नादी लागले ते कायमचे. जगात एवढं भयंकर काही घडू शकतं म्हटल्यावर निदान आपलं घर तरी विटाळापासून वाचवावं, असं काहीसं त्यांच्या मनात असेल. मुलीच्या अंगात ते सोवळं लहानपणापासून मुरलं. पुढे जे घडलं ते समजायचं तर हे आधी लक्षात ठेवावं लागतं, कारण या मुलीला पुढे जे सोडावं लागलं त्याची मुळं बापाच्या दुःखापर्यंत गेलेली होती.

१८८० मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक, मूळचे रत्नागिरीकडच्या करजगावचे, वयाने अठरा-एकोणीस. माणूस बुद्धिमान, कवी, संस्कृत उत्तम, वक्तृत्व दांडगं आणि घरात बसवत नसे. न सांगता निघून जायचे, महिनोन् महिने पत्ता नसायचा. हातात पैसा आला की समोर दिसेल त्या गरजूला द्यायचे. बायको कधी माहेरी, कधी सासरी, कधी नातेवाइकांकडे. मुलं झाली आणि काही लहानपणीच गेली. लक्ष्मीबाईंना शाळा मिळाली नव्हती. अक्षरओळख आणि वाचन जे काही झालं ते नवऱ्याच्या लहरीने, त्यांच्या मनात येईल तेव्हा शिकवण्याने.

टिळक नागपुरात काही काळ अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काम करत होते. तिथून राजनांदगावला नोकरीसाठी जाताना, १८९३ मध्ये, आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाशी त्यांची गाठ पडली. राजनांदगाव तेव्हा संस्थान होतं, आज छत्तीसगडात आहे. बोलणं संस्कृत काव्यावर सुरू झालं आणि धर्मावर गेलं. उतरताना त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातात ठेवली. टिळकांनी ती वाचायला घेतली आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. जगभर हिंडून ज्याचा शोध चालला होता ते इथे आहे असं त्यांना वाटलं. पुढे दोन वर्षं वाचन, पत्रव्यवहार, वाद, स्वतःशी झगडा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नको, देशी पाळकाच्या हातूनच हवा असा त्यांचा आग्रह होता आणि तसंच झालं.

इथे बेळगावच्या वाचकांना बाबा पदमनजी आठवतील. १८३१ मध्ये बेळगावात जन्मलेले, १८५४ मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा घेतलेले, १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिलेले. बाबा पदमनजी काय किंवा टिळक काय, पुस्तकं आणि वादविवाद या वाटेने आले. त्यांच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात. ज्यांना वादात रस नव्हता, ज्यांच्यापुढे नवरा किंवा बाप निर्णय घेऊन उभा राहिला, त्या बायकांचं पुढे काय झालं हे मात्र फारसं लिहिलेलं सापडत नाही. लक्ष्मीबाईंनी ते लिहून ठेवलं.

बातमी आली तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या. पदरात दत्तू, जेमतेम तीन-चार वर्षांचा. त्या काळी नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे बायकोला नवरा जिवंत असून नसल्यासारखा. नातेवाइकांनी त्यांना पंढरपूरला नेलं, बहिणीच्या घरी. त्या दिवसांत दुःखाने त्यांची अवस्था वाईट झाली. आणि याच दिवसांत, कागदावर धड लिहिता येत नसताना, त्या कविता जुळवायला लागल्या. टिळकांची पत्रं येत होती. त्यांनी बायकोला टाकलं नव्हतं. दुसरं लग्न केलं नाही, आणि ख्रिस्ती हो तरच घेतो असंही कधी म्हटलं नाही. वाट पाहायची तयारी त्यांनी दाखवली. एरवी ज्या माणसाला गाडी सुटेपर्यंत धीर नसायचा, त्या माणसाने इथे वर्षानुवर्षं धीर धरला, हे मला त्यांच्या सगळ्या कवितांपेक्षा मोठं वाटतं.

काही वर्षांनी लक्ष्मीबाईंनीच ठरवलं की नवऱ्याजवळ राहायचं, पण आपला धर्म सोडायचा नाही. त्या दत्तूला घेऊन नगरला, आजच्या अहिल्यानगरला, आल्या. मग सुरू झाला तो विलक्षण संसार. नवरा ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिकवणारा. बायको ब्राह्मण, सोवळ्याने स्वयंपाक करणारी, आपलं पाणी आपण भरणारी. नवऱ्याच्या शिवाशिवीपासून भांडी सांभाळायची आणि त्याच नवऱ्याला प्रेमाने वाढायचंही. समाजाच्या दृष्टीने ही तडजोड दोन्हीकडून चूक. ब्राह्मण म्हणणार ही बाटली, ख्रिस्ती म्हणणार ही अजून आली नाही.

पण पुढचं सगळं या अवघड मधल्या काळातच पेरलं गेलं. घरात रोज प्रार्थना व्हायची. टिळक शुभवर्तमान वाचायचे, त्यावर बोलायचे, आणि भजनं रचून गायचे, तीही आपल्या अभंग-ओवीच्या चालीवर. लक्ष्मीबाई ऐकायच्या. पटलं नाही तर तोंडावर बोलायच्या. टिळकांचं आणि त्यांचं भांडण हा त्या घरातला नित्यक्रम होता आणि त्यात धर्मही सुटत नसे. येशूचं नाव त्यांच्या कानावर पडलं ते असं: चूल पेटलेली, पोर रडतंय, नवरा गातोय. वर्गात बसवून कुणी त्यांना धडे दिले नाहीत. आज नव्या माणसाला पुस्तिका देतात, अभ्यासक्रम देतात, त्याला माझी हरकत नाही. पण लक्ष्मीबाईंच्या बाबतीत शिकवण्यापेक्षा शेजारी राहणं जास्त कामाला आलं. मिशनच्या आवारातली माणसं कशी वागतात, आजाऱ्याकडे कोण जातं, कोण नुसतं बोलतं, हे त्यांनी चांगलं पाहून घेतलं. त्यांची नजर किती तीक्ष्ण होती हे पुस्तक वाचणाऱ्याला सांगायला नको. मिशनऱ्यांचा मोठेपणा त्यांनी टिपला, तसेच त्यांचे गंमतीदार प्रकारही.

वळण आलं ते एका रात्री. त्यांना झोप येत नव्हती आणि विचार सुरू झाला जातीचा. जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर जन्मताना, मरताना, रक्तामांसात काही फरक दिसला असता. पशुपक्ष्यांच्या जाती डोळ्यांना ओळखू येतात, माणसांच्या तशा येत नाहीत. हा विचार काही पहिल्यांदाच कुणी केला असं नव्हे. आपल्याकडे संतांपासून फुल्यांपर्यंत सगळ्यांनी तो मांडला. पण लक्ष्मीबाईंनी तो स्वतःच्या बिछान्यावर पडून, स्वतःच्या शब्दांत, शेवटपर्यंत नेला. उजाडेपर्यंत त्यांचा निर्णय झाला होता की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. ज्या मुलीच्या बापाने मीठ धुतलं होतं तिने हे ठरवलं, आणि टिळकांना सांगून टाकलं. टिळकांच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

क्रमाकडे जरा पाहा. येशू हा देवाचा पुत्र का, पापक्षमा म्हणजे काय, हे प्रश्न त्यांनी आधी सोडवले आणि मग जात सोडली, असं झालं नाही. आधी पाण्याचा तांब्या सोडवला. ख्रिस्ती उपासनेत प्रभुभोजन असतं, एका भाकरीतून आणि एका प्याल्यातून सगळ्यांनी घ्यायचं. नगर भागातली अमेरिकन मराठी मिशनची मंडळी बहुतेक महार-मांग समाजातून आलेली. मिठालाही विटाळ मानणाऱ्या घरातून आलेल्या बाईला तो प्याला ओठाला लावणं म्हणजे काय असेल, याची आपल्याला आज कल्पना येणार नाही. त्यांच्यापुरता तरी खरा धर्मपालट तिथेच झाला असं मी समजतो. आणि डोक्याला एका रात्रीत पटलं तरी हाताला, जिभेला, पोटाला पटायला वेळ लागतोच. तीस वर्षांची सवय एका सकाळी जात नाही.

१९०० साली राहुरीला लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आपल्या पायांनी चालत.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे खातं उघडल्याची तारीख. शिल्लक नंतर जमते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ती लगेच जमायला लागली, कारण काळच तसा होता. छप्पन्नच्या दुष्काळाने नगर जिल्हा होरपळला होता. आईबाप गेलेली, हाडांचे सापळे झालेली मुलं मिशनच्या दाराशी येत होती, बहुतेक गावकुसाबाहेरची. टिळकांच्या घरात अशी मुलं येऊन राहायला लागली. आणायचे टिळक, निस्तरायच्या लक्ष्मीबाई. पैसा नाही, जागा नाही, आणि टिळक म्हणणार देव देईल. देव देईपर्यंत पीठ कुठून आणायचं हा हिशोब लक्ष्मीबाईंकडे. त्या चिडायच्या, बोलायच्या, आणि मग मुलांना न्हाऊ घालायला बसायच्या. खरूज झालेल्या, उवांनी भरलेल्या पोरांना हात लावणारे हे हात सोवळ्यात वाढलेले, हे विसरून चालणार नाही.

मग प्लेग आला. माणसं घरं सोडून झोपड्यांत राहायला गेली. सख्खे नातेवाईकही आजाऱ्याजवळ जायला धजत नव्हते. अशा दिवसांत लक्ष्मीबाई आजारी मुलांच्या उशापायथ्याशी बसल्या. शूरपणाचा आव त्यांनी कधी आणला नाही. भीती वाटली तर वाटली म्हणून सांगितलं. पण काम सोडलं नाही. विश्वास वाढला का वाढला, असं त्यांना तेव्हा कुणी विचारलं असतं तर त्यांनी बहुधा आधी हातातली बादली खाली ठेवायला सांगितलं असतं.

टिळक पुढे पाळक झाले, 'ज्ञानोदय'चं मराठी संपादन त्यांनी केलं, त्यांची भजनं 'उपासना संगीत'मधून गावोगाव पोचली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी उपासनांतही ती आज गातात, गाणाऱ्याला कवीचं नाव माहीत असो वा नसो. ख्रिस्ती कीर्तनाची पद्धत त्यांनी रुजवली. या सगळ्यामागे त्यांचा एक आग्रह होता की ख्रिस्ती होणं म्हणजे परका होणं नव्हे. भाषा, पोशाख, चाली, देशाची माया, काही टाकायचं कारण नाही. लक्ष्मीबाईंना हे शिकवावं लागलं नाही, त्यांची बोलीच तशी होती. म्हणी, टोमणे, ओव्या, देवघरातली उपमा, सगळं घेऊन त्या नव्या घरात आल्या. कीर्तनाला उभ्या राहिल्या तेव्हा आख्यान ख्रिस्ताचं आणि ढंग जलालपूरच्या अंगणातला. नव्याने विश्वासात आलेल्या काही कुटुंबांत मी पाहतो, सहा महिन्यांत त्यांची भाषाच बदलते. घरच्यांशी बोलतानाही व्यासपीठावरचं बोलतात, आणि मग घरचे तुटतात. लक्ष्मीबाईंची माहेरची माणसं त्यांच्यावर रागावली, रडली, पण बोलणं तुटलं नाही. त्यात त्यांच्या जिभेचा मोठा वाटा असणार.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ज्यात जागा, अशी ख्रिस्तभक्तांची मंडळी त्यांना उभी करायची होती. पगार गेला, म्हणजे पुन्हा ओढाताण. हे स्वप्न आकार घेण्याआधीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नास वर्षांच्या. नवऱ्याच्या सावलीत वाढलेला विश्वास नवरा गेल्यावर उभा राहतो का, हा प्रश्न आता होता. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचं मोठं ओवीबद्ध काव्य हाती घेतलं होतं, ख्रिस्ताचं चरित्र. सुमारे दहा अध्याय झाले होते. नामवंत कवीचं अर्धवट काम पुरं करायला कुणी तरी विद्वान शोधावा असं कुणालाही वाटलं असतं. ते हाती घेतलं शाळेत न गेलेल्या या बाईने. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत. दहा आणि चौसष्ट, आकडे मुद्दाम लिहितो, कारण 'टिळकांचं ख्रिस्तायन' असं सरसकट म्हणण्याची आपल्याला सवय आहे.

चौसष्ट अध्याय लिहायचे म्हणजे शुभवर्तमानाची ओळन् ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागते, प्रत्येक प्रसंगात स्वतः उभं राहावं लागतं. वीस वर्षांपूर्वी चुलीपाशी कानावर पडलेलं आता त्यांनी हातात घेऊन तपासलं. टिळकांचं म्हणून मानलेलं किती आणि आपलं किती, याचा निवाडा या लिखाणात त्यांच्यापुरता तरी झाला असावा. काही वर्षं त्या कराचीला राहिल्या, मुलगा देवदत्त, म्हणजे तोच दत्तू, तिथे होता म्हणून. हे काम तिथे चाललं. सिंधमधल्या मराठी घरात बसून, साठीकडे झुकलेली एक विधवा ओव्या रचते आहे हे चित्र सीमेपलीकडे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जवळचं वाटावं.

'स्मृतिचित्रे'ही याच उत्तरायुष्यातली. मुलाला टिळकांचं चरित्र लिहायचं होतं, त्यासाठी आईने आठवणी सांगाव्यात, लिहाव्यात, असं सुरू झालं आणि आठवणी स्वतःच पुस्तक झाल्या. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध झाले. मराठी गद्यात त्याच्या तोडीचं आत्मचरित्र आजही बोटावर मोजण्याइतकंच. १९३३ मध्ये नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. ज्या नागपुरात टिळकांच्या मागे फरपटत संसार केला, त्याच नागपुरात.

पुस्तक वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. आपला धर्म श्रेष्ठ म्हणून त्या जुन्या धर्माची निंदा करत नाहीत. वडिलांच्या सोवळ्यावर हसतात, पण त्यात बापाची माया कुठे कमी होत नाही. बाप्तिस्म्याच्या दिवसाचं वर्णनही गाजावाजा करून केलेलं नाही. त्यापेक्षा जास्त जागा घरातल्या पोरांना, पाहुण्यांना, भांडणांना, रिकाम्या डब्यांना मिळाली आहे. ज्या पाळकांमुळे हा लेख सुचला, त्यांना मी विचारलं की नवीन माणसांना पुस्तकातला कोणता भाग वाचायला सांगता. त्यांनी सांगितलं की भाग वगैरे सांगत नाही, सगळंच देतो. परत आणून देतात तेव्हा बहुतेक जण आधी टिळकांच्या उधळेपणाबद्दलच बोलतात, आणि मग हळूच विचारतात की बाईंना खरंच पाच वर्षं लागली का.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई नाशिकला वारल्या. 'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भाग त्यानंतर बाहेर आला.